तीनशे चौतीस मिलिसेकंद

पहिल्यांदा सूर तुटला तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी वेळ वहीत लिहिली, कारण त्या क्षणी लिहिण्यासारखं दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

तो विरला नाही की खरखरला नाही. इतका वेळ सबंध पंपघर ज्या एका खर्जातल्या सुरानं भरलेलं होतं, तो एकदम नाहीसा झाला आणि छताच्या तुळयांवरच्या कबुतरांचे पंख ऐकू आले. ऑर्ट्रुन लेमके फेडरांच्या पेटीसमोर दोन्ही हात तसेच ठेवून बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मान वळवली.

"पोरी, मी काही केलं का?"

"नाही, फ्राउ लेमके. मी बघते."

"बघ बघ. मला वाटलं होतं, आधी मी बंद पडेन."

ती पेटी आमची होती. अ‍ॅल्युमिनियमची, पोळपाटाएवढी रुंद, वर आठ फेडर, म्हणजे खाचेतून वरखाली सरकणाऱ्या आठ कळा. प्रत्येक कळेखाली एक छोटी मोटर. पेटी हेनिंगनं बनवली आणि तिचा ड्रायव्हर मी लिहिला. बर्लिनच्या वेडिंग भागात एका मागच्या अंगणात आमची कार्यशाळा आहे, तिथे आम्ही दोघंच काम करतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. संगणकातलं संगीताचं सॉफ्टवेअर सांगतं, तिसरा फेडर अर्ध्यावर ने. ड्रायव्हर ते मोटरला कळेल असं सांगतो. हातानं फेडर हलला तर तो उलट निरोप पोचवतो. शिवाय पेटीच्या मागून एक वायर निघून एका चाळीस वर्षं जुन्या सिंथेसायझरला जात होती. सूर त्या सिंथेसायझरचा होता.

फ्राउ लेमकेंची रचना बावन्न मिनिटांची आणि सबंध बावन्न मिनिटं तो एकच सूर. सॉफ्टवेअर आठ फेडर आपापल्या वेळापत्रकानं हळूहळू सरकवत राहतं, प्रत्येक फेडरबरोबर सुरातला एकेक पदर वर येतो किंवा बुडतो. संध्याकाळी सहाला सूर सुरू करायचा, सव्वासहाला दारं उघडायची, लोकांनी सुरातच येऊन बसायचं. मध्ये तुटला तर पुन्हा सुरू करता येत नाही, तिथेच संपलं. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि अकरा वर्षांनी लोकांसमोर वाजवणार होत्या.

ते जुनं पंपघर आता मैफलींची जागा आहे, तिथला आवाजाचा माणूस थिलो. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं अस्सल बर्लिनी, म्हणजे शुभ सकाळसुद्धा तक्रारीसारखी. तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"काय म्हणतेय यादी?"

यादी म्हणजे वायरीवरून जाणाऱ्या प्रत्येक संदेशाची नोंद. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"बारा वाजून दोन मिनिटांनी 'सूर सुरू कर' गेलाय. त्यानंतर 'बंद कर' कोणीच म्हटलेलं नाही."

"पण तो बंद झाला."

"हो."

"मग वायर."

"बदलते."

वायर बदलली. सूर पुन्हा सुरू केला. दोन वाजून पाच मिनिटांनी तो पुन्हा तुटला. दुसरी वायर बदलली, वीज दुसऱ्या फळीवरून घेतली. दोन बावन्न. यादी तिन्ही वेळा स्वच्छ. एखाद्या खोलीत कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही आणि दिवा मात्र विझला, तसं. मी हेनिंगला फोन केला. तो त्याच्या आईकडे रोस्टॉकला गेला होता.

"सिंथच गेला असेल," तो म्हणाला. "चाळीस वर्षांचा आहे."

"मध्ये पंचेचाळीस मिनिटं मी सूर नुसता चालू ठेवला होता, त्या जेवायला गेल्या तेव्हा. काही झालं नाही."

"योगायोग."

"तीन वेळा त्या पेटीशी बसलेल्या असतानाच होतं."

"मग पेटी म्हणतेस?"

"मी अजून काहीच म्हणत नाहीये."

"वीबके, तू अशी हळू बोलायला लागलीस की मला धडकी भरते."

सव्वातीनला थिलोनं बटाट्याचं सॅलड आणि तीन काटे आणले, एका उलट्या खोक्यावर ठेवले आणि फ्राउ लेमकेंना ऐकू जाईल अशाच आवाजात मला म्हणाला, "गुरुवारच्या तालमीचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. बावन्न मिनिटं, अखंड. साडेपाचला तू मला हो किंवा नाही सांग. नाही म्हणालीस तर ते लावू. पुढच्या रांगेतल्यालाही कळायचं नाही."

"आणि मी काय करू?" फ्राउ लेमके म्हणाल्या. "पेटीसमोर बसून हात हलवू?"

"हळूच हलवा."

"थिलो, मी त्यासाठी नवे दात बसवून आलेले नाही."

"फ्राउ लेमके, दोनशे चाळीस माणसं येणारेत. विसाव्या मिनिटाला शांतता झाली तर ती माणसं माझ्याकडे बघणार, तुमच्याकडे नाही."

"मग तू चांगला शर्ट घाल."

त्यांनी सॅलडमधल्या काकड्या वेचून बाजूला काढल्या. 

मी खांबामागच्या टेबलावर परत आले आणि वहीत एक ओळ लिहिली: सूर कोण बंद करू शकतं? एक, सूर-बंदचा संदेश. दोन, सगळे-सूर-बंदचा संदेश. तीन, वीज जाणं. पहिले दोन यादीत नव्हते. विजेसाठी थिलोनं मापक लावला होता, तो हललाही नव्हता. चार असं लिहून मी पुढे जागा सोडली. बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले.

मिडीच्या, म्हणजे वाद्यांच्या आपसातल्या भाषेच्या, वायरीवरून आणखी एक संदेश जातो. त्यात काही सांगितलेलं नसतं. सूर नाही, फेडर नाही, नुसतं 'मी आहे'. दर पाव सेकंदाला एक. यादी उघडली की ती या संदेशानं भरून वाहायला लागते, दुसरं काही दिसत नाही. म्हणून आमच्या धंद्यातला माणूस यादी उघडल्यावर पहिलं काम करतो ते म्हणजे तो लपवायचा. कोणी शिकवत नाही, सगळे करतात. मीही चार महिन्यांपूर्वी, ड्रायव्हरची पहिली ओळ लिहायच्या आधी, तो लपवला होता आणि विसरले होते.

नियम असा की, ज्या यंत्रानं हा ठोका एकदा ऐकला त्यानं तो पुढेही ऐकत राहायचा. साधारण तीनशे मिलिसेकंदांत, जुन्या यंत्रांत त्याहून थोड्या जास्त वेळात, पुढचा आला नाही, तर वायर निघाली असं समजायचं आणि सगळे सूर आपणहून बंद करायचे. ज्यानं कधीच ऐकला नाही, त्यानं वाट पाहायची नाही. चांगली सोय आहे. भर कार्यक्रमात कोणाचा पाय अडकून वायर निघाली तर सूर कोकलत राहू नये म्हणून. पुष्कळ जण ही सोय घालत नाहीत. मी घातली होती, काळजीनं.

मी लपवलेला संदेश उघडा केला. स्क्रीनवर आकडे धावायला लागले: दोन ठोक्यांमधलं अंतर, मिलिसेकंदांत. दोनशे पन्नास. दोनशे पन्नास. दोनशे एक्कावन्न. दोनशे पन्नास.

"फ्राउ लेमके, पुन्हा वाजवाल का? सुरुवातीपासून नको. कुठूनही."

"कुठूनही म्हणजे काय? दळण आहे का?" त्या म्हणाल्या, पण उठल्या.

पहिली आठ मिनिटं आकडा हलला नाही. मग तो दोनशे साठ झाला. दोनशे बहात्तर. परत पन्नासवर आला. पुन्हा चढला, दोनशे नव्वद. तो चढताना खोलीत काय होतंय हे पाहायला मी खांबाआडून डोकावले. चार महिने मी ही पेटी सांभाळत होते, तीन तालमींना हजर होते, आणि तोपर्यंत एकदाही मी त्यांच्या हातांकडे नीट पाहिलं नव्हतं. मी स्क्रीनकडे पाहत बसत असे.

अंगठे सोडून आठ बोटं आठ फेडरांवर होती. मोटर फेडर खाली नेत होती आणि बोटं त्याला वर धरत होती. नखं पांढरी पडली होती. सॉफ्टवेअर एकीकडे ओढत होतं, बाई दुसरीकडे, आणि मधोमध सूर दाटून येत होता. डाव्या मनगटावर शीर उभी होती.

मी परत वळले तेव्हा आकडा तीनशे बावीस होता. मग तीनशे चौतीस. मग आकडा नाहीच. सूर तुटला.

"पोरी, आता तर तुझ्या डोळ्यांदेखत झालं."

"तुम्ही फेडर धरून ठेवता?"

"मग काय करायचं त्यांचं? वारा घालायचा?"

"मोटर चालू असताना?"

"मोटर बंद असताना धरायला काय लागतं? तेवढं तर माझी मांजरही धरेल. गुरुवारी बोटं राखून धरले होते, आज पूर्ण जोरानं."

आता मला कळलं. पेटी बनवायला सांगायला आल्या तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती: बोट लागल्यावर मोटर थांबवणारी स्पर्शाची सोय नको. आम्हाला वाटलं, म्हातारी बोटं, कोरडी त्वचा, ती सोय त्यांना नीट चालत नसेल. आमच्या कार्यशाळेत भिंतीवर हेनिंगच्या अक्षरात पाटी आहे, चालू मोटर हातानं धरू नये. आम्ही पेटी तीनशे तास चालवून पाहिली होती. फेडर आपले आपण वरखाली जायचे आणि त्यांना कोणीही हात लावायचं नाही.

धरलेला फेडर जागेवर पोचत नाही. ड्रायव्हर त्याला पुन्हा ढकलायला सांगतो, सेकंदाला चाळीस वेळा. आणि फेडर जागेपासून जितका लांब तितके जास्त संदेश. मी सगळे संदेश एकाच रांगेत लावले होते. ठोकाही त्याच रांगेत. पुढे गर्दी झाली की तो मागे खोळंबत होता.

पावणेपाच वाजले होते. हे कारण आहे एवढं कळून भागत नव्हतं. बिघाड हुकमावर आणता आला पाहिजे. मी त्यांना तेच आणखी दोनदा करायला सांगितलं. तीनशे एकतीस. तीनशे सदतीस. दोन्ही वेळा सूर गेला.

थिलो येऊन मागे उभा होता. "मग तो ठोका काढून टाक."

"काढला तरी उपयोग नाही. सिंथेसायझरनं तो ऐकलाय, आता तो वाटच बघणार. त्याला विसरायला लावायचं तर बंद करून पुन्हा चालू करावा लागेल."

"कर."

"करून बघ," फ्राउ लेमके म्हणाल्या. "सकाळी नऊला लावलाय मी तो. अकराला कुठे जागेवर आला. थंड असताना पाव सूर खाली बोलतो आणि दर पाच मिनिटांनी वर चढतो. आता बंद केलास तर सातला येईल ताळ्यावर. तोवर तू लोकांना विनोद सांग."

सहाला सूर सुरू व्हायचा होता. ठोक्यासाठी वेगळी रांग करणं हा खरा उपाय होता, पण त्याला ड्रायव्हरचा निम्मा भाग उलगडावा लागला असता. आयत्या वेळी उलगडलेल्या गोष्टीत काय निसटेल हे मला सांगता आलं नसतं. एक आकडा बदलणं तेवढं शक्य होतं. चाळीसऐवजी मी वीस केले.

फ्राउ लेमकेंनी बोटं ठेवली आणि लगेच उचलली. "हे मेलंय."

"ढकलतंय, पण कमी."

"लोणी ढकलल्यासारखं ढकलतंय. याच्याशी भांडू काय मी?"

मी तीस केले. त्यांनी चार फेडर धरले, मग पाच, सहा, सात. दोनशे बासष्ट, दोनशे एकोणऐंशी, दोनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे वीस. सातला मी त्यांना थांबवलं.

"आठ?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण जोरानं धरले तर तीनशे पंचेचाळीसच्या आसपास. तुटेल."

"अडतिसाव्या मिनिटाला आठही लागतात. तिथे सगळे एकदम खाली येतात."

"मग एक सोडा."

"कोणता सोडू? तू निवड. तुला हाताची बोटं किती?"

 त्या पुन्हा पेटीवर वाकल्या, सात धरले, आठवा अलगद घेतला, डोळे मिटले. आकडा तीनशे पंचवीसला गेला आणि उतरला. असं त्यांनी पाचसहा वेळा केलं.

"जवळ आलं की करंगळीखाली गुरगुरतं," त्या म्हणाल्या. "तुला दिसतं ते मला लागतं. किती धरायचं ते मी बघेन."

मला ते खरं वाटलं नाही. मोटर सतत गुरगुरते. माणसाला हवं ते त्यात ऐकू येतं.

पाच सत्तावीसला थिलोनं मला बाहेर, पायऱ्यांवर नेलं. स्प्रे नदीच्या पाण्यावर ऊन होतं, आणि दोन माणसं लवकर येऊन कठड्यावर बिअर पीत बसली होती.

"हो की नाही?"

"आठही पूर्ण जोरानं धरले नाहीत तर हो."

"आणि धरले तर?"

"तर नाही."

"वीबके, हे 'नाही' आहे. तुझ्या विज्ञानात याला काय म्हणतात मला माहीत नाही, माझ्या धंद्यात हे 'नाही' आहे." त्यानं कपाळ चोळलं. "मी काही दुष्ट माणूस नाही. त्या गेल्या वेळी इथे वाजवायला आल्या होत्या तेव्हा मी वायरी गुंडाळत होतो. अडतिसाव्या मिनिटाला तो सूर गेला तर त्या पुन्हा कुठेच बसणार नाहीत. रेकॉर्डिंग लावलं तर आठवडाभर शिव्या देतील आणि पुढच्या वर्षी परत येतील."

ते खरं असू शकत होतं. मी थोडा विचार केला आणि मग जे बोलले ते बोलायला नको होतं हे बोलतानाच कळत होतं.

"एक करता येईल. एक बटण ठेवते, माझ्याकडे. दाबलं की सगळ्या मोटर सुटतील. रांग रिकामी होईल, सूर राहील."

"आणि त्यांना?"

"फेडर हातात सैल पडतील. कळेल."

"लोकांना?"

"नाही."

"त्यांना सांगणार?"

मी पाण्याकडे पाहिलं. त्यानं कठड्यावरच्या माणसांकडे पाहिलं. "ठीक आहे. बोट बटणावर. सगळा वेळ. तर हो."

आत येऊन मी तीन ओळी घातल्या आणि दोनदा तपासल्या. फ्राउ लेमके बदललेल्या ब्लाउजची बटणं लावत होत्या.

"काय म्हणाला आमचा पहारेकरी?"

"हो म्हणाला."

"एवढ्यात? तू त्याला काय खाऊ घातलंस?"

"काही नाही," मी म्हणाले.

सहाला सूर सुरू झाला. सव्वासहाला लोक आले आणि आत पाऊल टाकताच बोलायचे थांबले. कोट न काढता बसले. मी खांबामागे, स्क्रीन माझ्याकडे, आवाज अंगावर. उजव्या हाताची तर्जनी बटणावर. आता मात्र टेबल मी थोडं सरकवून घेतलं होतं, त्यांचे हात दिसतील असं.

दोनशे पन्नास. दोनशे पन्नास. सेकंदाला चार ठोके. सहाव्या मिनिटाला साठ, बाराव्याला ऐंशी, मग बराच वेळ पन्नास. विसाव्या मिनिटाला त्यांनी पाच फेडर धरले आणि सुराच्या पोटातून एक जाड पदर वर आला, बाकांच्या लाकडात तो जाणवला. दोनशे ब्याऐंशी. माझ्या हिशेबापेक्षा तीन जास्त. मी ते वहीत लिहू शकत नव्हते, हात मोकळा नव्हता. भिंतीशी थिलो उभा होता. त्यानं खरंच शर्ट बदलला होता. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता, माझ्या बोटाकडे पाहत होता.

तिसाव्या मिनिटाला कोणीतरी खोकलं आणि माझं बोट अर्धा मिलिमीटर खाली गेलं. तेव्हा लक्षात आलं की ते केव्हापासून ताठ होतं.

अडतीस. सॉफ्टवेअरनं आठही फेडर खाली ओढायला सुरुवात केली, चार मिनिटांत तळाला न्यायचे असे. फ्राउ लेमकेंनी खांदे पुढे घेतले. दोनशे नव्वद. तीनशे पाच. तीनशे बारा. सूर इतका दाटला की वरच्या खिडकीची एक काच थरथरायला लागली. तीनशे अठरा. मी तीनशे तीस ही हद्द मनात धरली होती. एकतीसला एकदा तुटला होता, त्याखाली कधीच नाही. पण तीन मोजमापांवरून हद्द सांगता येत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही सांगितलं असतं. एकोणतीसलाही तुटू शकतो. तीनशे चोवीस. थिलोनं मान हलवली: दाब. तीनशे सव्वीस.

मी दाबणार होते. त्यात मला संशय नाही. बोटाला निर्णय पोचला होता.

तीनशे सत्तावीस. तीनशे सव्वीस. तीनशे सत्तावीस. तीनशे अठ्ठावीस. तीनशे सत्तावीस.

मी आणखी एक ओळ वाचली, मग आणखी एक. आपोआप चढणारा आकडा असा थांबत नाही. तो चढतो किंवा उतरतो. गर्दी वाढते किंवा ओसरते. हा मात्र चढून एका जागी उभा होता. दहा सेकंद, म्हणजे तीसएक ठोके, सगळे सव्वीस ते अठ्ठावीसच्या आत. फेडर खाली जात होते, मोटरचा जोर वाढत होता, तरी आकडा तिथेच. म्हणजे कोणीतरी दुसरीकडून तेवढंच कमी करत होतं, क्षणाक्षणाला. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटं आळीपाळीनं सैल होत होती, एक सुटत होतं तेव्हा दुसरं आवळत होतं, आणि डोळे मिटलेले होते.

मग मला गुरगुरण्याचा अर्थ लागला. रांग लांबली की एकेका मोटरची पाळी उशिरा येते, ढकलणं सलग राहत नाही, तुटक होतं. तुटक ढकलणं म्हणजे कंप. तो कंप बोटाला कळणारच. माझ्या स्क्रीनवर जे आकड्यानं येत होतं, ते त्यांच्या करंगळीखाली आधी येत होतं. हे मला दुपारी सुचायला हवं होतं.

एकेचाळिसाव्या मिनिटाला मी बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. थिलो भिंतीपासून एक पाऊल पुढे आला. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली, नाही अशी.  एक मिनिट तो तसाच उभा राहिला, मग त्यानं माझ्या हाताकडे बघणं सोडलं आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

बेचाळिसाव्या मिनिटाला फेडर तळाला टेकले. दोनशे पन्नास. पुढची दहा मिनिटं सूर पातळ होत गेला. सहा बावन्नला त्यांनी तो स्वतः बंद केला. यादीत पहिल्यांदाच 'सूर बंद कर' असं आलं. बराच वेळ कोणी टाळी वाजवली नाही, कारण संपलं की नाही हे कोणाला ठरवता येत नव्हतं.

लोक गेल्यावर थिलो बाकं रचत होता. "तक्रारीला जागा नाही," तो फ्राउ लेमकेंना म्हणाला. बर्लिनमध्ये कौतुक याच्यापुढे जात नाही. माझ्याजवळून जाताना तो थांबला. "तू मला फसवलंस."

"हो."

"पुन्हा करू नकोस. माझं हृदय आता तरुण नाही."

फ्राउ लेमके उलट्या खोक्यावर बसून उरलेलं सॅलड खात होत्या. काटा त्यांनी मुठीत धरला होता, बोटं अजून वाकत नव्हती. मी समोर बसले.

"फ्राउ लेमके, एक सांगायचंय."

"सांग."

"माझ्याकडे एक बटण होतं. ते दाबलं असतं तर मोटर सुटल्या असत्या. तुम्हाला न सांगता ठेवलं होतं."

त्या चावायच्या थांबल्या नाहीत. "थिलोला माहीत होतं?"

"हो."

"म्हणून एवढ्यात हो म्हणाला." एक काकडी त्यांनी काट्यानं कडेला ढकलली. "दाबणार होतीस?"

"हो. तीनशे सव्वीसला."

"मग?"

"मग आकडा थांबला. तुम्ही थांबवलाय हे कळायला वेळ लागला."

"केव्हा काढलंस बोट?"

"एकेचाळिसाव्या मिनिटाला."

"मी एकोणचाळिसाव्यापासून तिथे होते," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटं मी तुझ्या बोटाखाली वाजवत होते तर."

 त्यांनी काटा खाली ठेवला, उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक करून सरळ केली. पुढच्या महिन्यात लाइपझिगला हीच रचना होती, पेटी हीच, ड्रायव्हर हाच.

"कुठे आहे ते?"

"काय?"

"बटण. माझ्यासमोर काढ."

मी लॅपटॉप आणून खोक्यावर उघडला. तीन ओळी होत्या. त्या पुसल्या, ड्रायव्हर पुन्हा तयार केला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी चष्मा लावला आणि त्यातलं काही कळत नसतानाही वरपासून खालपर्यंत, सावकाश, सगळं वाचलं.